बुडबुडेताई आणि अण्णांचे नवे बूट

कारखान्यात तिला सगळे बुडबुडेताई म्हणत. नदीत उतरून मासे धरणाऱ्यांसाठी तिथे छातीपर्यंतचे गमबूट तयार व्हायचे. खाली बूट, त्यालाच जोडलेली रबरी विजार आणि खांद्यावर पट्टे. तयार जोडात हवा भरायची, तो टाकीतल्या पाण्यात दाबून धरायचा आणि कुठून बुडबुडा येतोय का ते बघायचं, हे तिचं काम. बुडबुडा दिसला की खडूची खूण करून जोड परत. बाकीच्या बायका गप्पा मारत हात चालवायच्या, पण हिची नजर पाण्यावरून हलायची नाही.

"घरी चहाला उकळी आली तरी पातेलं गळतंय म्हणून परत पाठवत असशील," त्या चिडवायच्या.

स्वभावच घोर लावून घेणारा. नवऱ्याचा टेम्पो यायला जरा उशीर झाला की हिच्या डोळ्यांसमोर नको नको ते उभं राहायचं. मन चिंती ते वैरी न चिंती, तशातली गत. सगळ्यात जास्त घोर होता तो अण्णांचा. अण्णा म्हणजे तिचे वडील. टपाल वाटून वाटून पाय झिजवले, रिटायर झाले, बायको गेली, आणि आता एकटेच नदीकाठच्या घरात राहायचे. कंबरभर पाण्यात गळ टाकून उभं राहणं हाच त्यांचा सुखाचा विषय. त्यांचे जुने बूट म्हणजे ठिगळाला ठिगळ. शेवटी हिनेच कारखान्यातून नवा जोड घेतला, स्वतःच्या हाताने दोनदा टाकीत बुडवला आणि नेऊन दिला.

"आता काही वर्षं बघायला नको, अण्णा. एक थेंब आत येणार नाही."

थेंब आत आलाही नाही. घोटाळा वेगळाच झाला.

एका सकाळी दुकानांकडून परत आलेल्या बुटांचं पोतं तिच्या टेबलाशेजारी रिकामं झालं. शिवण शाबूत, रबर शाबूत, पण एकेका बुटाचा सोल टाचेकडून सुटून लोंबत होता. सोल चिकटवणारी बाई हळूच म्हणाली, "सोल्युशन बदललंय ना. झटकन वाळतं, पण पाण्यात बराच वेळ राहिलं की ढिलं पडतं. मी सांगितलं होतं, कोण ऐकतंय."

"कुठला माल हा?"

बाईने आतला शिक्का दाखवला. अण्णांचा जोड याच मालातला.

फोन लावला, अण्णा उचलेनात. शेजारणीला लावला. ती म्हणाली, "अहो, ते मघाशीच गेले नदीवर. मला मुद्दाम बूट दाखवून गेले. लेकीने दिलेत म्हणाले."

सुपरवायझर काय बोलतोय ते न ऐकताच ती बाहेर पडली. तिच्या फोनवर नवरा टेम्पो घेऊन आला तो नेहमीसारखाच निवांत.

"अगं, सोल निघाला तर निघाला. दुसरा लावू."

"शेवाळलेल्या दगडांवर उभे असतात ते! पाय घसरला, आडवे झाले, तर वरून पाणी भरेल. भरलेले बूट घेऊन उठता येतं का कुणाला?"

"कमरेला पट्टा असतो ना, पाणी अडवायला?"

"पोट आवळतं म्हणून बांधतच नाहीत ते."

मग त्याने गाडीचा वेग वाढवला.

अण्णा नदीच्या मधोमध उभे होते. ते दिसले तेव्हा आधी तिचा जीव भांड्यात पडला. मग तिच्या लक्षात आलं, गळ पाण्यात नाहीच. गळाची काठी तळाशी रोवून अण्णा तिच्यावर भार टाकून उभे आहेत. ओरडावं तर दचकतील, गर्रकन वळतील. तिने आवाज साधाच ठेवला.

"अण्णा, मी आलेय."

"आज सुट्टी?" त्यांनी मान वळवली नाही.

"अशीच आले. बाहेर येताय?"

"नको. इथे बरा आहे मी."

"कधीपासून उभे आहात?"

 अण्णांचा आवाज उतरला. "उजवा पाय उचलला की खाली काहीतरी अडकतंय गं. पाय टाकवत नाही."

नवऱ्याने टेम्पोतला दोर काढला. त्याला पोहता येत नव्हतं, पण वजन होतं. दोराचं एक टोक त्याने झाडाला वेढा देऊन धरलं, दुसरं तिने कमरेला बांधलं. चपला काढून पाण्यात उतरता उतरता तिने हाक दिली, "आधी पट्टा बांधा."

"पोटाला..."

"अण्णा!"

तो आवाज थेट तिच्या आईचा होता. अण्णांनी मुकाट्याने पट्टा आवळला.

जवळ जाऊन तिने पाण्यात हात घातला. सोल फक्त चवड्याशी धरून होता, प्रवाहात फडफडत होता. ओढून निघेना. तिने गळ्यातली ओढणी काढून बुटाभोवती करकचून बांधली, अण्णांचा हात खांद्यावर घेतला आणि दोघं पाऊल पाऊल सरकू लागली. काठ हाताशी आला आणि अण्णा घसरले. गुडघ्यावर पडले, पाणी छातीला लागलं. नवऱ्याने दोर खेचला, तिने पट्ट्याला धरून त्यांना उचललं. कसंबसं काठावर येऊन तिघंही चिखलातच बसली.

अण्णांनी ओढणीची गाठ सोडून लोंबता सोल पाहिला. "मला वाटलं, लेकीने तपासलेले बूट आहेत, माझंच पाऊल चुकत असेल. म्हातारपण आलं म्हटलं. हाक कुणाला मारायची?"

हे ऐकलं आणि ती हमसून हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी तिने तो बूट सुपरवायझरच्या टेबलावर ठेवला आणि त्या मालावर पासचा शिक्का मारायला नकार दिला. बरीच बोलणी खाल्ली. पण मग सोलवाली बाई तिच्या शेजारी येऊन उभी राहिली, पाठोपाठ आणखी दोघी आल्या. दुकानांतला माल परत मागवला गेला, जुनं सोल्युशन आलं. आता प्रत्येक मालातले काही जोड भिजत ठेवून, वाकवून बघतात. ते कामही तिच्याच गळ्यात पडलं, म्हणजे काळजीला आणखी एक निमित्त.

अण्णांनी नवे बूट घेतले ते शिवलेल्या सोलचे, तेही दुसऱ्याच कंपनीचे. तिला वाईट वाटलं, पण ती बोलली नाही. ते आता काठाजवळच उभे राहतात असं ते स्वतः सांगतात. शेजारीण वेगळं सांगते. म्हणून जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी ती फोन लावते. घंटी वाजत राहते, डबा तसाच बंद राहतो आणि मग पलीकडून वैतागलेला आवाज येतो, "आहे, आहे, जिवंत आहे. ठेव फोन, मासे पळतात!"