पाचटाखालचा बिननावाचा जीव

ज्या जिवाला अजून नावच मिळालेलं नाही, त्याच्या मरणाची दाद कुणाकडं मागायची? स्पिरिटचा वास आला की हा प्रश्न मला छळतो. माझी थोरली बहीण कोल्हापुरात मातीतल्या माइटवर, म्हणजे कोळ्याच्या जातकुळीतल्या टाचणीच्या टोकाएवढ्या जिवांवर, संशोधन करत होती. गडमुडशिंगीच्या एका उसाच्या फडातल्या मातीत तिला असा एक माइट सापडला, की त्याच्या पाठीवरच्या केसांची मांडणी कुठल्याच ज्ञात प्रजातीशी जुळेना. प्रजातीच नवी असावी, असं तिला वाटत होतं. “एका नमुन्यावर प्रजाती उभी राहत नाही, आणखी आणा,” तिचे सर म्हणाले. आम्ही दोघं सायकलीनं फडावर गेलो, तर ऊस तोडून नेलेला आणि मागं उरलेला वाळका पाला जळून रान बांधापर्यंत काळं पडलेलं. “कालच पाचट पेटवलं की,” मालक म्हणाला. “मामा, मला त्याखालचे किडे हवे होते,” ताई म्हणाली. तो हसला. “लोक ऊस मागाय येत्यात, तुमी किडं मागताय व्हय? त्ये मरावं म्हणून तर जाळतो.” कोमट राखेत गुडघे टेकून तिनं तरीही पिशवीभर माती भरली. प्रयोगशाळेत ती माती चाळणीवर पसरून वर दिवा लावला. एरवी उष्णतेला भिऊन जीव खालच्या स्पिरिटमध्ये पडतात. त्या दिवशी काहीच पडलं नाही. तसा माइट तिला पुन्हा कुठंच मिळाला नाही. त्या एकुलत्या नमुन्याची काचपट्टी आजही ‘अनिश्चित’ अशी चिठ्ठी लावून कपाटात पडली आहे, आणि दर हंगामाला शिवारं पेटतात, याला कुणी गुन्हा म्हणत नाही. तुमचा ऊस नुकताच गेला असेल, तर यंदा निदान एक सरी पाचटासकट तशीच राहू द्या.