देवीच्या काट्यावर आमचे हे

चहा घ्या आधी. साखरेचाच आहे. गुळाचा चहा मी हल्ली करत नाही, कारण आमच्या घरात गुळाचं नाव निघालं की समोरचा हसतो आणि मला पदर सावरत आत जावं लागतं. तुम्ही बाहेर कुठेतरी तिखटमीठ लावून ऐकणारच आहात, त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका.

मी उपासतापास करणारी बाई. सोमवार आहे, चतुर्थी आहे, एकादशी आहे, आणि मधे एखादा वार रिकामा दिसला तर त्यालाही काहीतरी लावून देते. आमचे हे म्हणतात, "आपल्या घरी चुलीपेक्षा जास्त उपासच पेटते." म्हणू देत. साबुदाणा केला की पहिली ताटली यांचीच असते.

हे म्हणजे वसंतराव. मोताळ्याजवळच्या आमच्या गावात यांचं भुसाराचं लहानसं दुकान आहे. शेतकऱ्यांचं सोयाबीन, तूर, हरभरा मोजून घ्यायचं आणि मलकापूरच्या व्यापाऱ्याकडे पाठवायचं. दुकानात सरकारी शिक्क्याचा वजनकाटा. सकाळी मी घरात देव पुसते, त्याच वेळी हे दुकानात काटा पुसतात. दोघांच्या फडक्यांत फरक एवढाच की यांचं जास्त स्वच्छ असतं. "माणूस खोटं बोलन, माहा काटा बोलनार नाही," हे यांचं वाक्य अख्ख्या पंचक्रोशीला पाठ. त्या एका वाक्यावर आमचं घर चाललंय.

तर मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास यांना ताप आला. साधा नाही, माणूस ओळख विसरेल असा. बुलढाण्याला दवाखान्यात भरती केलं. सिस्टर म्हणाली, "काका, काट्यावर उभे राहा." यांचे पाय लटपटत होते. मी काखेत हात घालून धरलं, तेव्हा कुठे उभे राहिले. सिस्टरने कागदावर लिहिलं, छप्पन्न.

छप्पन्न!  एवढा धडधाकट माणूस, आणि कागदावर छप्पन्न किलो? तिथेच, दवाखान्याच्या बाकावर बसून मी आमच्या टेकडीवरच्या देवीला साकडं घातलं. "माय, माझा माणूस धड घरी येऊ दे. त्याच्या भारोभार गूळ वाहीन."

देवीने काही उधार ठेवलं नाही. आठवड्याभरात ताप उतरला. हे चहात साखर कमी आहे म्हणून दवाखान्यात भांडले, तेव्हा मी ओळखलं, माणूस बरा झाला.

आता पाळी माझी. तिने पूर्ण माणूस परत दिला होता. मी गूळ कमी वाहिला आणि ताप परत आला तर? झोप लागेना हो मला. भारोभार म्हणजे कोणत्या भाराने?

कारण झालं असं. घरी निघताना औषधाच्या दुकानाबाहेर ते दिव्यांचं मशीन होतं, नाणं टाकलं की वजनाची चिठ्ठी देणारं. मी यांना वर चढवलं, बटव्यात हात घालता यावा म्हणून माझी पिशवी यांच्या हातात दिली, नाणं टाकलं. चिठ्ठी आली, अडुसष्ट. घरी आल्यावर हे सगळ्यात आधी दुकानात गेले आणि स्वतःच्या काट्यावर चढले. बासष्ट.

एकच नवरा आणि तीन वजनं. तुम्ही काय केलं असतं?

मी चार जणांना विचारलं. माझी नणंद सुमनताई गावातच असते, ती म्हणाली, "वहिनी, सलाईनचं पानी हाय ते. दवाखान्यात चढलं, घरी येईपर्यंत उतरलं." देवीचे गुरवकाका म्हणाले, "अमावास्येच्या आसपास माणूस हलका भरते, बाई. चंद्रावर असते ते सारं." नामदेवभाऊ, जे दर हंगामाला यांच्याच काट्यावर सोयाबीन देतात, ते म्हणाले, "मशीन उतारावर असन."

यांना विचारलं तर हे म्हणाले, "तापात माणसाचा ओलावा उडते. सोयाबीनसारखाच. त्यात काय इचारून राह्यली?"

"मग गूळ किती आणायचा?"

"बासष्ट. माहा काटा बासष्ट सांगते."

"आणि जास्त भरलं तर? देवीसमोर कमी पडलो तर?"

"देवीले माहित हाय माहा काटा."

मी मान हलवली आणि गुपचूप गुळाच्या किलोकिलोच्या अडुसष्ट भेल्या आणून ठेवल्या. देवीचं काम. थोडं पुढेच असलेलं बरं.

मंगळवार ठरवला. देवळाच्या मंडपात आडव्या लाकडाला साखळ्यांचा मोठा तराजू टांगलाय, दोन्हीकडे लाकडी पाट. अख्खं गाव जमलं. नवस फेडायला कमी आणि वसंतराव हवेत गेलेले पाहायला जास्त. हे धोतर नेसून, टोपी घालून पाटावर मांडी घालून बसले. पाट जमिनीला टेकला. गुरवकाकांनी यांचं उपरणं आणि माझा पदर यांची गाठ मारली.

सुमनताई कानाशी येऊन म्हणाली, "वहिनी, पारडं वर जाईन तशी गाठ ओढीन. ती सुटली तं नवस अर्धाच राहते. जवळ राह्यजो."

झालं! मी गुडघे टेकून यांना खेटूनच बसले. लग्नातला शालू नेसले होते, तो पाटावर, जमिनीवर, सगळीकडे पसरला. दोन्ही कोपरं यांच्या मांडीशेजारी पाटावर टेकवली, हात जोडले, डोळे मिटले आणि देवीचं नाव घेऊ लागले. इथून पुढचं सगळं मी फक्त कानांनी पाहिलं.

नामदेवभाऊ समोरच्या पाटावर भेल्या ठेवत होते आणि मोठ्याने मोजत होते.

"झाले छप्पन्न!"

पारडं हललं नाही. गुरवकाका म्हणाले, "दवाखान्याचा कागद बाद."

"बासष्ट!"

पारडं जागचं हललं नाही. आमच्या यांनी घसा खाकरला. खोकला नव्हता, मला ओळखू येतो.

"अडुसष्ट! गूळ संपला."

पारडं जमिनीलाच. सांगू नये, पण मला आतून बरं वाटलं. कमी आणला असता तर? मी डोळे न उघडताच म्हटलं, "किराणा दुकानातून आणा हो, आहे तेवढा."

आणला. चढवला. यात बराच वेळ गेला. माझे गुडघे कळा मारायला लागले, म्हणून मी थोडी आणखी पुढे रेलले. भक्तीत माणूस वाकतोच.

मागे कुजबुज वाढली. एक म्हणाली, "पुन्याईचा भार हाय." दुसरी म्हणाली, "भुसाराचा धंदा हाय बाई त्यायचा. पुन्याईचाच असन असं नाही." तेवढ्यात गुरवकाकांनी घंटा वाजवली आणि ओरडले, "माय सोता पारड्यात येऊन बसली!"

माझ्या अंगावर काटा आला. डोळ्यांत पाणी आलं. मी आणखी रेलले.

सगळ्यांनी हात जोडले असावेत, कारण एकदम शांत झालं. त्या शांततेत नामदेवभाऊंचा आवाज आला. चढा नाही, साधाच. म्हणून जास्त लागला.

"माय बसली असन तं आनंद हाय, भाऊ. पन नसन बसली तं मले एक सांगा. तुमच्या काट्यावर तुमी बासष्ट. इथं ऐंशीच्या वर गेले. मंग माहं सोयाबीन तुमच्या काट्यावर किती कमी भरलं?"

 मग मागून एक आवाज, "माही तूर बी तिथंच मोजली होती."

"नामदेव, काटा शिक्क्याचा हाय," हे म्हणाले. आवाज बारीक झाला होता. इतक्या वर्षांत मी यांचा तसा आवाज ऐकला नव्हता, तापातसुद्धा नाही.

"शिक्का दिसते हो भाऊ. पन देवीचा तराजू काय सांगून राह्यला, थेही दिसते."

आता तुम्हीच सांगा, कोणती बायको हे ऐकून डोळे मिटून बसेल? दवाखान्यात देवीकडे ज्याच्यासाठी पदर पसरला, त्याला भर देवळात खोटा म्हणतात? माझं नाव घेणं थांबलं. मी डोळे उघडले आणि ताडकन उभी राहिले.

"माझ्या माणसाचा काटा खोटा नाही!"

एवढंच बोलायला मिळालं. समोरचं गुळाचं पारडं धाडकन जमिनीवर आदळलं, भेल्या मंडपभर गडगडत गेल्या आणि आमचे हे मांडी घातलेल्या अवस्थेत वर गेले. टोपी खाली, हे वर. साखळ्या दोन्ही हातांनी धरलेल्या. गाठ ताणली गेली, मी पदरासकट त्यांच्याकडे ओढली गेले. ती सुटली मात्र नाही, हे मी आवर्जून सांगते.

वरून हे म्हणाले, "अवं, चालली कुठी?"

गुरवकाकांनी पुन्हा घंटा वाजवली. "माय उठली! माय उठली!" लोक खाली वाकले.

सुमनताई तेवढी वाकली नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माय काऊन उठन? वहिनी उठली."

नामदेवभाऊंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पाटावर माझी कोपरं टेकली होती त्या जागेकडे.  मला हाताने दूर सरकवलं, म्हणजे जितकी गाठ सरकू देईल तितकी. पडलेल्या भेल्या गोळा केल्या आणि नव्याने एकेक चढवल्या. बासष्टला पारडं डुललं. वर एक फोडलेली अर्धी भेली ठेवली, आणि दोन्ही पाट एका रेषेत आले.

"अर्धी कशाची, भाऊ?" त्यांनी यांना विचारलं.

"सकाळच्या साबुदान्याची," हे म्हणाले. आवाज परत आला होता.

नामदेवभाऊंनी हात जोडले. "चुकलं, भाऊ." यांनी टोपी मागितली, ती घातली आणि मगच म्हणाले, "तुहं नाही चुकलं. काट्यावर जे दिसन थे माणूस बोलते."

इतक्यावर भागलं असतं. पण सुमनताई एकदा लागली की सोडत नाही. प्रसादाचा गूळ फोडता फोडता सगळ्या बायकांसमोर विचारते, "वहिनी, दवाखान्यात काट्यावर दादाले कोनी धरलं होतं?"

"मीच. पडले असते ना."

"अन मशीनवर दादाच्या हातात पिशवी कोनाची होती?"

"माझीच."

"काय होतं तिच्यात?"

"काही नाही बाई. पोथी, तांब्या, पितळेचं निरांजन, देवीसाठी घेतलेले नारळ..."

"अन दुकानातल्या काट्यावर?"

"तिथे मी नव्हते. घरी उपास सोडत होते."

बस्स. सलाईनचं पाणी, अमावास्या, उतार, ओलावा, सगळी कारणं तिथेच संपली. फरक काट्यांचा नव्हता, माझा होता; मी नव्हते तिथलंच वजन खरं निघालं. हे गुळाचा खडा तोंडात टाकून म्हणाले, "हिचा भार हाय, असं मी लग्नापासून सांगून राह्यलो. आज नोंद झाली."

तराजूला लागलेला सगळा गूळ देवीचा, असं गुरवकाकांनी ठरवलं. त्यामुळे गावाला महिनाभर गोड मिळालं, आणि यांच्या काट्याला देवीचाच दाखला मिळाला. तूर आता लांबच्या गावांहून येते. नवस पुरा झाला, यांना ताप परत आला नाही, मी समाधानी आहे.

फक्त दुपारी मी दुकानात चहा घेऊन गेले आणि काट्यावर कुणाचं पोतं असलं, की नामदेवभाऊ हात वर करतात. "थांबा भाऊ, वहिनीले दूर होऊ द्या. मंग वजन घ्या." यांनी तर काट्यापासून चार हातांवर फरशीवर खडूची रेघच ओढून ठेवलीय.

मी रेघेच्या अलीकडे थांबते. बाकीचे उपास कधी चुकतीलही, हा नेम मात्र मी कडक पाळते.