पायवाटेवरची वही

लेम्पीमावशी रोज सकाळी सात वाजता पायवाटेच्या तोंडाशी असलेली लाकडी पेटी उघडायची आणि आतल्या वहीत सगळ्यांत आधी स्वतःचं नाव लिहायची. ‘लेम्पी कांगास, पुलापर्यंत.’ पूल तिथून दिसायचा. दहा मिनिटांत परतून ती परतीची वेळ टाकायची, मग पार्कच्या फाटकावरच्या खोलीत माझ्याशेजारी ड्यूटीला येऊन बसायची. वहीला पेन्सिल बांधलेली असे. सुपीरियर सरोवराकाठच्या थंडीत शाई गोठते.

वही खरं तर पाहुण्यांसाठी होती. वर धबधब्यांकडे जाणाऱ्यानं नाव लिहायचं, उतरल्यावर वेळ. पार्क बंद करताना मावशी वही वाचायची. कुणाची वेळ राहिली असेल तर शोधायला माणसं निघायची. गावातलं मात्र दुसरं कुणी लिहीत नसे. तिचे यजमान, रेइनोकाका, तर तिला चिडवायचे, “उद्या संडासात जातानाही सही मागशील!”

आठ वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये नदीवरचा बर्फ फुटला, तसे काका नेहमीप्रमाणे वरच्या धबधब्याशी पाणमांजरं बघायला गेले. संध्याकाळी मावशीनं वही वाचली. अकरा नावं, अकराही परतलेले. तिनं फाटकाला कुलूप लावलं. शनिवार होता. शनिवारी काका धाकट्या भावाकडे, ओइवाकडे, सौनाच्या वाफेत बसायचे आणि तिथेच झोपायचे. तीही निवांत झोपली. रविवारी ओइवानंच येऊन विचारलं, “काल का नाही आला गं तो?”

काका सापडले ते पाय मोडून खडकांच्या खोबणीत पडलेले. डॉक्टर म्हणाले, पहाटेपर्यंत जीव होता.

महिन्याभरानं ओइवा गळ घेऊन आत शिरला, तेव्हा मावशी त्याच्या वाटेत उभी राहिली.

“नाव लिही.”

“अगं वहिनी, पन्नास वर्षं या नदीत मासे धरतोय मी. नदी ओळखते मला!”

“वाचायचं मला असतं, नदीला नाही. लिही.”

त्यानं लिहिलं. मग हळूहळू गाव लिहू लागलं. मावशी स्वतः मात्र पुलापलीकडे कधी गेली नाही.

गेल्या ऑक्टोबरात, एका शुक्रवारी दुपारी, कुणी पाहुणी फाटकावर सांगून गेली: वर पाणमांजर आहे, दोन पिल्लं घेऊन. मावशीनं कॉफीचा थर्मास उचलला. पेटीशी वाकून लिहिलं, ‘वरच्या धबधब्यापर्यंत.’

“मी येऊ सोबत?”

“आणि फाटक कोण बघेल, तुझा बाप?”

चार वाजले, साडेचार झाले. तिच्या नावापुढची जागा कोरीच होती. मी ओइवाला बोलावलं. शोधावं लागलं नाही. कुठे जायचं ते लिहिलेलंच होतं. ती देवदाराला टेकून बसली होती, तोंड पाण्याकडे. शेजारी थर्मासचं झाकण, त्यात अर्धी कॉफी. कॉफी गार होती आणि तिचे हातही. हृदय बंद पडलं होतं.

“या खेपेला रात्र पडायच्या आत आलो, वहिनी,” ओइवा म्हणाला आणि तिथेच ओल्या खडकावर बसला. पाणमांजर मला कुठे दिसलं नाही.

ती कोरी जागा मी अजून भरलेली नाही. त्या ओळीतली शेवटची अक्षरं जाड, फिकट उमटली आहेत, शिसं बोथट झालं होतं म्हणून. ते तिच्याही लक्षात आलं होतं. पायवाटेवर चार पावलं गेल्यावर मागे न वळताच म्हणाली होती, “पेन्सिलीला टोक काढून ठेव गं. उद्या शनिवार आहे, गर्दी होईल.”