फिश टँकखालचा टेकू

रशीद गेल्याचा फोन आला तेव्हा मी हॉलमध्ये फिश टँकची काच पुसत होतो. फोन त्याच्या मुलीचा, शाहीनचा, वाईहून. "काका, अब्बा गेले. सकाळी चहा घेतला आणि बसल्या जागीच..." एवढंच ती बोलू शकली. साठ वर्षांची आमची दोस्ती. अशा वेळी माणसाला मित्राचा चेहरा आठवावा, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो टँकखालच्या लोखंडी टेकूचा. त्या विचाराची मला इतकी लाज वाटली की हातातलं फडकं तसंच धरून मी खुर्चीत बसलो. बायकोनं विचारलं, "काय झालं हो?" मी म्हणालो, "रशीद गेला. आणि माझं त्याच्याशी बोलायचं राहिलं ते राहिलंच."

आम्ही दोघं वाईचे. एकाच शाळेत, एकाच बाकावर. सुट्टी झाली की घाटावर जाऊन कृष्णेतल्या माशांना चुरमुरे टाकायचे, हा आमचा रोजचा उद्योग. सातवीनंतर त्यानं शाळा सोडली आणि वडिलांच्या सुतारकामाच्या दुकानात बसला. मी शिकत राहिलो, सांगलीत भौतिकशास्त्र शिकवायला लागलो आणि विश्रामबागेत घर केलं. तेव्हापासून त्याच्या तोंडी मी कायमचा 'मास्तर' झालो. स्वभावानं मात्र तो मास्तर आणि मी विद्यार्थी. त्याला कशाची भीती म्हणून वाटायची नाही आणि मी गॅसचं बटण तीनदा बघितल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते माझ्यावरूनच.

निवृत्तीनंतर मला मोठ्या फिश टँकचं वेड लागलं. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. "हॉलमध्ये तळं आणून ठेवा एकदाचं," असं म्हणून बायकोनं परवानगी दिली. बाजारातले स्टँड बघितले, पण हात लावला की हलायचे. मग रशीदला फोन केला. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "वजन किती भरंल?" मी पाणी, काच, वाळू, दगड सगळं धरून हिशेब करून ठेवलाच होता. म्हणालो, "सात क्विंटल." तो म्हणाला, "मास्तर, मासं पाळतोयस का म्हस?"

चार दिवसांनी तो आला तो पाचगणीहून स्ट्रॉबेरी घेऊन निघालेल्या टेम्पोत, ड्रायव्हरशेजारी बसून. पेट्यांच्या खाली त्यानं जुनं सागवान घातलं होतं. एका पाडलेल्या घराच्या तुळया होत्या त्या, कैक वर्षं जपून ठेवलेल्या. पुढं दोन दिवस त्या लाकडाला स्ट्रॉबेरीचा वास येत होता. आठ दिवस तो आमच्याकडे राहिला. सकाळी रंधा सुरू व्हायचा. दुपारी बायको मागची खोली झाडून द्यायची, तिथं तो नमाज पढायचा, मग आम्ही दोघं जेवायला बसायचो. हिच्या हातच्या पिठल्यावर तो खूश. "वैनी, ह्या मास्तरला तुमी लय लाडावून ठिवलंय," म्हणायचा आणि स्वतः तिसरी भाकरी घ्यायचा. इतक्या वर्षांत आम्ही एवढे सलग दिवस एकत्र कधी काढले नव्हते. संसारात पडल्यावर मित्र लग्नाकार्यात भेटतात तेवढेच. ते आठ दिवस मला फार सुखाचे गेले.

मी उत्साहानं मोठाले स्क्रू आणून ठेवले होते. त्यानं ते हातावर घोळवले आणि बाजूला ठेवून दिले. म्हणाला, "गड्या, स्क्रूचं काम निसतं धरून ठिवायचं. वजन पेलायचं ते लाकडानं. उभ्या लाकडाच्या डोक्यावर आडवं लाकूड बसलं पायजे, मंग वरचं वजन सरळ जमिनीत जातंय. स्क्रूवर लोंबकळत ठिवलंस, तर त्यो कवा ना कवा दगा देणारच." हेच मी पस्तीस वर्षं फळ्यावर बाण काढून मुलांना शिकवलं होतं. पण त्याच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकतोय असं वाटलं. त्यानं प्रत्येक पायाला पटाशीनं खाच पाडली आणि वरची आडवी लाकडं त्या खाचांत अशी बसवली की सांध्यात नख जाईना. पुढे तीन, मागे तीन असे सहा पाय. वर जाड प्लायवूड, त्यावर थर्माकोल.

पाय कापायच्या आधी त्यानं हॉलच्या फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं. बायको ओरडलीच. पाणी हळूहळू दाराकडे निघालं. धुवायला बरं म्हणून फरशीला उतार दिलेला असतो, वीस वर्षं त्या घरात राहून मला ते कधी जाणवलं नव्हतं. रशीद गुडघ्यांवर बसून पाण्याची वाट बघत राहिला आणि मग सहा पायांची सहा मापं काढली. "ही घोडी आता हितनं हलवायची न्हाई. दुसऱ्या जागी ती लंगडंल," म्हणाला. स्टँडला तो शेवटपर्यंत घोडीच म्हणायचा.

घोडी उभी राहिली, पण त्याचं समाधान होईना. आमचे शेजारी हळदीचे व्यापारी. त्यांना गाठून त्यानं हळदीची पन्नास किलोंची चौदा पोती मागवली आणि हमालांकडून घोडीवर रचून घेतली. एक पूर्ण दिवस ती पोती तशीच ठेवली. घरभर हळदीचा वास, पडद्यांवर पिवळी धूळ. बायको म्हणाली, "घरात लग्न असल्यासारखं वाटतंय, फक्त नवरानवरीच काय ती नाहीत." दुसऱ्या दिवशी पोती उतरवून त्यानं दोरी धरून बघितली. प्लायवूड तसूभरही वाकलं नव्हतं. त्याच दुपारच्या एसटीनं तो वाईला गेला.

आणि मग मी तो पराक्रम केला... टँक चढवला, पाणी भरायला घेतलं. निम्म्याच्या वर पाणी गेलं आणि खालून आवाज आला, कट्. थोड्या वेळानं पुन्हा, कट्. भार पडला की लाकूड आपापल्या जागी बसताना असा आवाज करतं, हे मला आता माहीत आहे. त्या दिवशी मात्र माझ्या डोळ्यांपुढे सात क्विंटलचा पूर उभा राहिला. बायको म्हणाली, "रशीदभाऊजींना फोन करून विचारा ना." मी म्हणालो, "नको, त्याला वाटेल माझा त्याच्यावर विश्वास नाही." असं म्हणून मी काय केलं? फॅब्रिकेशनवाल्याला बोलावलं, स्क्रूनं खालीवर होणारा लोखंडी टेकू करून घेतला, घोडीच्या बरोबर मध्यभागी जमिनीत बोल्टनं बसवला आणि प्लायवूडला घट्ट टेकेपर्यंत फिरवला. घोडीला पुढून रशीदनंच कपाटासारखी दारं केली होती, ती लावून टाकली. त्या दिवसापासून मला शांत झोप लागायला लागली.

दोन वर्षांनी तो मिरजेला एका लग्नाला आला आणि तिथून आमच्याकडे. बायको बाहेर गेली होती म्हणून चहा करायला मीच आत गेलो. कप घेऊन बाहेर आलो तर हा टँकपुढे गुडघ्यांवर बसलेला आणि खालची दारं सताड उघडी. मी कप खाली ठेवले. "काय रं?" मी विचारलं. "काय न्हाई. घोडी कशी हाय बघितली," म्हणाला. दारं लावली, चहा प्याला, माशांची चौकशी केली आणि लगेचच निघाला. टेकूबद्दल तो एक शब्द बोलला नाही. मीही बोललो नाही. त्या वर्षी ईदेला त्याचा फोन आला नाही, एरवी कधी चुकायचा नाही. मी समजायचं ते समजलो. पुढे फोन सुरू झाले, भेटीही झाल्या, पण दर वेळी शब्द ओठांवर यायचे आणि मी ते गिळून टाकायचो. आठ दिवस घाम गाळून ज्यानं ते काम केलं, त्याच्या कामाखाली मी चोरून लोखंड घातलं होतं. सातवी शिकलेल्या माणसावर मास्तरनं भरवसा ठेवला नाही, असं त्याला वाटलं असेल तर? ते मनात घेऊनच तो गेला असेल तर? त्या कपाटाची दारं मी उघडायचंच सोडून दिलं. गुडघे दुखतात ही सबब होतीच.

दफनाला मला पोचता आलं नाही. चाळिसाव्या दिवशी वाईला गेलो. फातिहा पढून झाला, माणसं पांगली, मग नसीमवहिनींसमोर, रशीदच्या बायकोसमोर, बसलो आणि सगळं सांगून टाकलं. आवाज, फॅब्रिकेशनवाला, टेकू, सगळं. सांगताना शाळेत चोरी पकडली गेल्यासारखी मान खाली. वहिनी ऐकत होत्या. मग पदर तोंडाला लावून चक्क हसल्या.

"आवं भावजी, त्ये मला म्हाईत हाय की. मिरजेसनं आल्या आल्या लय हसलं हुतं ह्ये. म्हनलं, मास्तरनं माज्या घोडीला काठी दिलीया."

"रागावला नव्हता?"

"राग कसला? घाबरलं मातर हुतं. म्हनलं, मदीच रेटून बसिवलाय, वरची काच तडकली असती. तुमी चा कराय गेला, तवा ढिला केला त्यांनी. मी म्हनलं, मंग सांगायचं की भावजींला. तर म्हनलं, नगं. टेकू हाय म्हनून मास्तरला झोप लागतीया. झोपू दे त्याला."

मी विचारलं, मग ईदेला फोन का नाही केला? "त्या साली डोळ्याचं आपरेशन झालं न्हवं का त्यांचं," त्या म्हणाल्या. "फोन धराय बी दिला न्हाई पोरींनी." कुणी छातीवरचं पोतं उतरवून घ्यावं तसं मला झालं. डोळ्यांत पाणी होतं आणि हसूही आवरत नव्हतं. काच खालून एका जागी रेटली तर ती तडकणार, हे पस्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला कळलं नव्हतं! रशीदनं माझी चूक सुधारली, माझी अब्रू झाकली आणि वर माझ्या झोपेचीही काळजी घेतली. मला चहा करायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात.

परत आलो तो चप्पल काढून थेट टँकपुढेच बसलो. गुडघे कुरकुरले, म्हटलं कुरकुरू देत. दारं उघडली. बायकोनं टॉर्च धरला. टेकू जागच्या जागी होता, सरळ, थोडा गंजलेला. त्याच्या डोक्यावरून मी करंगळी सरकवली आणि ती अलगद आरपार गेली. इतकी वर्षं सगळा भार घोडीच पेलत होती. वर मासे आपले निवांत फिरत होते.

बायको म्हणाली, "मग काढून टाका की तो आता. उगाच गंजतोय."

"असू दे," मी म्हणालो. "तो रशीदनं ठेवलाय."