काथ्याचा पेशंट

नर्सिंग शिकायला गेले तेव्हा माझी समजूत होती की आधी शिकवतील, मग काम देतील. पहिल्याच सकाळी मेट्रनबाईंनी आम्हा नव्या मुलींना एप्रन दिले, बायकांच्या वॉर्डात नेऊन उभं केलं आणि म्हणाल्या, "बघून बघून शिका. आम्हीही असंच शिकलो." एवढं बोलून त्या निघूनही गेल्या.

इस्पितळ बांद्याजवळ, हमरस्त्याला लागून होतं. कौलारू, लहानसं, मागे काजूची झाडं. तिथे तीन वर्षं काढायची, मग परीक्षा द्यायची, आणि पास झालं की मुंबईच्या नर्सिंग मंडळात नर्स म्हणून आपली नोंद व्हायची. आमच्या देवबाग गावातून त्या वाटेला गेलेली मी पहिलीच. निघताना आईला एकच काळजी होती. "टोपी घालूक लागता मां? मग केस घट्ट बांध गो."

राहायच्या खोलीत माझ्या शेजारच्या खाटेवर वेंगुर्ल्याकडची एक किरिस्तांव मुलगी होती. बोलकी, हसरी, माझ्यापेक्षा कितीतरी धीट. पहिल्या दिवशी तिला अर्धांग झालेल्या एका म्हातारीची कूस बदलायला सांगितलं. कशी बदलायची ते कुणी सांगितलं नाही. तिने दंडाला धरून ओढलं आणि म्हातारी खाटेच्या कडेवरून घसरली. मी जवळच होते, दोघींनी मिळून कशीबशी झेलली. म्हातारीला काही लागलं नाही, पण माझी मैत्रीण पांढरी पडली. दुपारी बघते तर ही ट्रंक भरत बसलेली.

"माका नको ही नर्सगिरी. उद्या माझ्या हातान कोण मेला तर?"

त्याच वर्षी इस्पितळात शिकवायला एक नव्या ट्यूटरबाई आल्या होत्या. उंच, चटपटीत, चालताना साडीचा नुसता सपसप आवाज. त्यांनी ट्रंक पाहिली आणि मैत्रिणीशेजारी जमिनीवरच बसल्या.

"दिवाळीपर्यंत थांब. तोवर तुला जमलं नाही, तर मी स्वतः तुला गाडीत बसवून देईन."

तिथून उठल्या त्या थेट मेट्रनबाईंच्या खोलीत. त्या खोलीच्या खिडकीखालीच आमची कपडे वाळत घालायची दोरी होती. त्या दिवशी आम्हाला कपडे वाळत घालायला फार वेळ लागला.

"मुलींना आधी वर्गात शिकवू द्या," ट्यूटरबाई म्हणत होत्या. "हात बसल्याशिवाय कुणी पेशंटला हात लावायचा नाही."

"आणि तोवर वॉर्डातलं काम कोण करणार?"

"त्या इथे शिकायला आल्यात, बाई."

"माझ्याकडे माणसं किती आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. बरं, हात बसवणार तरी कशावर? उशीवर?"

मेट्रनबाई वाईट नव्हत्या. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत त्याही आमच्यासारख्याच पळत असायच्या. पण त्यांचा प्रश्न खरा होता. मोठ्या शहरांत माणसाएवढा बाहुला ठेवून मुलींना शिकवत, तसला आमच्याकडे कुठला? दुसऱ्या दिवशी ट्यूटरबाईंनी वर्गात ही अडचण सांगितली आणि मी न विचारता बोलून गेले, "माझे काका शिडं शिवतात."

गणपतीला घरी गेले तेव्हा पावसाळ्यामुळे होड्या अजून किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या आणि काकांचे हात रिकामे होते. त्यांना ही कल्पना भारी आवडली.

"पेशंट बापयो होयो की बायलमाणूस?"

"दोन्ही चालतील असो."

"आणि वजन?"

"चांगला होया. वळवताना कळूक होया."

जुन्या शिडाचं कापड, पोटात काथ्या आणि हातापायांत देवबागची वाळू. काकीने काजळाने डोळे काढले. "डोळे नसले तर भुतासारखो दिसता," ती म्हणाली. सुट्टी संपल्यावर काकांनी आणि मी बाहुल्याला चादरीत गुंडाळून एसटीत घातलं, मागच्या बाकावर. डोकं तेवढं बाहेर. शेजारी बसलेल्या बाईने काही वेळ त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि हळूच विचारलं, "काय दुखणा ओ तेंका?"

तेव्हा गोव्यात अजून पोर्तुगीज होते, आणि तिकडे माल जाऊ नये म्हणून बांद्याच्या अलीकडे गाड्या तपासत. हवालदार आत चढला. घाटावरचा माणूस, मिशा मोठ्या. चादर बाजूला केली आणि दोन पावलं मागे सरला.

"हे काय आहे?"

"पेशंट," मी म्हटलं.

"आत काय भरलंय?"

"काथ्या आणि वाळू."

"वाळू? गोव्याला वाळू नेताय?"

"गोव्याक काय वाळू कमी आसा?" काका म्हणाले, आणि अख्खी गाडी हसली. हवालदाराला ते मुळीच आवडलं नाही. त्याने बाहुल्याला खाली उतरवायला लावलं आणि चाकू काढला. एवढा शिवलेला पेशंट आता इथेच रस्त्यावर संपणार!

मी पुढे झाले. "साहेब, फाडू नका. यावर आम्ही शिकणार आहोत. पहिल्या दिवशी शिकवलं नाही म्हणून एक म्हातारी खाटेवरून पडत होती. तुम्हाला बघायचंच असेल तर काका उसवून दाखवतील."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग चाकू मिटला. काकांनी दंडाची शिवण उसवली आणि वाळूची धार हवालदाराच्या बुटांवर पडली. त्याने त्यात बोटं घालून पाहिली. वाळूच ती. शेवटी तोही हसला. काकांनी शिडाची सुई काढली, मी बाहुल्याचा हात वर धरून ठेवला, आणि बसमधली सगळी माणसं खाली उतरून टाके कसे घालावेत ते सांगू लागली. गाडी हलताना हवालदार ओरडला, "इस्पितळात सांगा, ऑपरेशन पोलिसांच्या देखरेखीखाली झालंय!"

त्यानंतरच्या दुपारी आम्ही बाहुल्याच्या नावे केल्या. अंग पुसणं, पट्ट्या बांधणं, पेशंट खाटेवर असताना चादर बदलणं. ट्यूटरबाईंचा एक दंडक होता, हात लावण्याआधी पेशंटशी बोलायचं. बेशुद्ध असला तरी बोलायचं, त्याला ऐकू येत असेल असं धरून. बाहुल्याशी बोलताना आम्हाला हसू आवरायचं नाही, पण बाई गंभीर असायच्या. एकदा मेट्रनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आता ओरडतात असं वाटलं. त्या पदर खोचून आत आल्या. "गुडघा आधी मोड गं. असा. मग खांदा आणि कंबर एकदम." त्यांच्या हातात तो जड बाहुला पिसासारखा वळला. पुढच्याच आठवड्यात वॉर्डातल्या वरकामाला गावातल्या दोन बायका आल्या. त्यांना मेट्रनबाईंनीच बोलावलं होतं.

दिवाळी जवळ आली. ट्यूटरबाईंनी मैत्रिणीला वॉर्डात नेलं, तापाने ग्लानीत गेलेल्या एका बाईपाशी. मैत्रीण तिच्याकडे वाकली. "मावशी, आता भिंतीकडे वळवतंय हां. भियां नको," ती म्हणाली आणि तिने एकही हिसका न देता त्या बाईची कूस बदलली. रोज बदलत राहिली. बाईचा ताप उतरला, तेव्हा तिने हिचा आवाज ऐकून मान वळवली.

"तूच मां गो ती, भियां नको म्हणणारी?"

मैत्रीण हो म्हणाली आणि थेट काजूच्या झाडांत पळाली. मी मागोमाग गेले तर ती रडत होती आणि हसत होती.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी गेली, चार दिवस शेजाऱ्यांच्या करंज्या खाल्ल्या आणि परत आली. तीन वर्षांनी आम्ही दोघी एकाच वेळी पास झालो. नर्सिंग मंडळाची माणसं आमची शाळा पाहायला आली तेव्हा मेट्रनबाईंनी त्यांना तो वर्ग जातीने दाखवला, जणू सगळी कल्पना त्यांचीच होती. ट्यूटरबाई खिडकीतून बाहेर बघत उभ्या होत्या, आणि त्यांचे खांदे हसण्याने हलत होते.