भाचीला घातलेली शपथ

शाळेनं मला तिसरीत सोडलं. मी शाळा सोडली असं घरचे सांगतात, पण खरं ते असं हाय. त्यामुळं डॉक्टरचा कागद मला दिसतो, वाचता येत नाय. ते कुणाला कळू देत नाय मी. कागद हातात घेतो, भुवया वर करतो आणि "बरं बरं" म्हणतो.

माझी भाची रोह्याकडं, खांब नावाच्या गावाजवळ राहते. सोळा वर्षांची. कबड्डीत चढाईला गेली की समोरच्या पोरी मागं सरायच्या. मागच्या साली गुडघ्यात काहीतरी तुटलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरनं दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या, जास्त ताकदीच्या, दहा दिवसांच्या. दहा दिवस संपले आणि तिचा मला फोन.

"मामा, आईला सांगू नको. गुडघा लय ठणकतो. पेणवरनं तेवढं पाकीट आण ना."

मी पेण-रोहा टेम्पो मारतो. पेणचा एक मेडिकलवाला माझ्या ओळखीचा. त्यानं चिठ्ठी मागितली. मी म्हटलं, "चिठ्ठी माझ्या तोंडावर लिहिलीय, वाच." तो हसला आणि गोळ्या दिल्या. पुढच्या वेळी त्यानं मागितलीच नाय. एक पाकीट, मग दोन, मग चार. पोरगी आईला सोडून मला फोन करते, माझ्या दर गमतीला हसते, म्हणजे मी केवढा मोठा मामा! सात महिने मी मोठा मामा होतो.

मग बहिणीला तांदळाच्या डब्यात रिकामी पाकिटं सापडली. फोनवर रडतच बोलली. "दादा, पोरगी झोपेत असल्यागत चालते. शाळेत जात नाय. आणि आता हे. कोण आणून देतं रे हिला?"

"येतो मी," मी म्हटलं. कोण देतं ते नाय सांगितलं.

आमच्याकडं दारुड्याला गावदेवीसमोर नेतात, नारळावर हात ठेवून शपथ घालतात. मीपण घेतलेली हाय. तेव्हा फक्त दारूचं नाव घेतलं होतं, ताडी राहून गेली होती. वर्षभर ताडी पिऊन मी शपथ पाळली. म्हणून शपथेला भोकं कुठं पडतात ते माझ्याएवढं गावात कुणाला ठावं नाय. भाचीची शपथ मीच सांगितली, ती मागनं बोलली. कुठलीच गोळी घेणार नाय. कुठल्याच रंगाची नाय. कुणीही दिली तरी नाय. घेतली तर माझ्या मामाचं वाईट होवो. शेवटचं मी पदरचं घातलं.

गुरव म्हणाला, "तू वकील का नाय झालास?" मी खूश.

तिसऱ्या दिवशी पोरगी घामानं भिजलेली, ओकाऱ्या, नाकडोळे गळतायत, पाय एका जागी ठरत नायत. बहिणीला वाटलं मलेरिया. रोह्याला दाखवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारलं आणि म्हणाल्या, "एकदम बंद करायला कुणी सांगितलं?"

सगळी माझ्याकडं बघायला लागली.

"अंगाला सवय लागलीय हिच्या. दुसरं औषध देऊन हळूहळू उतरवायला लागते. ते इथं होत नाय." त्यांनी मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. मी भुवया वर केल्या, "बरं बरं" म्हटलं आणि टेम्पो काढला.

तिथं व्यसनमुक्तीच्या खिडकीतल्या माणसानं चिठ्ठी न बघताच मला विचारलं, "किती वर्षं पिता?"

"मी नाय. ही."

त्यानं भाचीकडं बघितलं, पेन खाली ठेवलं. "इथं बाप्ये असतात, दारूवाले. पोरींची सोय नाय, त्यात अठराच्या आतली. मुंबईला विचारा." मुंबईत कुठं, ते त्यालापण ठावं नव्हतं. बहीण तिथंच लादीवर बसली. एका नर्सला दया आली. ती म्हणाली, मनाचे डॉक्टर फक्त गुरुवारी येतात, आज गुरुवार हाय, थांबा.

तीन तास थांबलो. डॉक्टर भला माणूस. पोरीला ओरडला नाय. म्हणाला, पहिली गोळी माझ्यासमोर घ्यायची, थोडा वेळ बसायचं, मग घरी जायचं.

भाचीनं तोंड मिटलं.

"घे गो," बहीण म्हणाली.

"नाय."

"अगो, डॉक्टर देतायत!"

"कुणीही दिली तरी नाय." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मामाचं वाईट होईल."

"अगो, माझं आणि काय वाईट व्हायचं राहिलंय? तोंड बघ माझं!"

कुणी हसलं नाय. ती थरथरत होती आणि माझ्यासाठी दात आवळून बसली होती. डॉक्टर म्हणाला, जबरदस्ती नाय करता येत. शपथेचं काय ते निस्तरा, पुढच्या गुरुवारी आणा.

गुरवाला सांगितलं तर तो म्हणाला, "देवी कधी बोलली औषध खाऊ नको म्हणून? ते तू बोललास." शपथ उतरवायची तर देवीच्या वारी, मंगळवारी. सोमवारी सकाळी पोरगी एकटी एसटीनं पेणला गेली, मेडिकलवाल्याला म्हणाली, "मामानं पाठवलंय," आणि त्याच जुन्या गोळ्या घेऊन आली. त्या घेताना तिला शपथ आठवली का, ते विचारायचं धाडस मला झालं नाय.

मेडिकलवाल्यानंच फोनवर 'पोरीकडं दिल्या' म्हणून सांगितलं, तसा त्याच दिवशी मी मेडिकलात गेलो. "माझ्या नावानं कुणाला देऊ नको. मलापण नाय."

तो हसायला लागला. "आज काय नवीन?"

परत सांगितलं. परत हसला. तिसऱ्यांदा सांगताना मला रडू फुटलं, तेव्हा त्यानं हातातली कात्री खाली ठेवली.

मग बहिणीकडं जाऊन सांगितलं, मीच देत होतो. तिनं जेवायला वाढलं, पण ताट हातात दिलं नाय, लादीवरनं सरकवलं.

मंगळवारी शपथ उतरवली, गुरुवारी परत गेलो. मधल्या गोळ्यांमुळं डॉक्टरला परत सगळं विचारून, तपासून मग औषध सुरू करायला लागलं. आता दर गुरुवारी जायचं, किती महिने ते तोपण सांगत नाय. त्या गुरुवारी मी मायलेकींच्या मागनं आत शिरत होतो, तर भाची दारात थांबली.

"मामा, तू बाहेर बस."

"का गो?"

"तू असलास की मला हसावं लागतं."

मी बाहेर बसलो.