सम्राटाच्या झग्यातला कापूस

मियाओ ग्वेइलानचा हात बसला तो मढ्यांच्या कपड्यांवर. तिच्या सासऱ्यांचं तेच दुकान होतं. म्हातारी माणसं धडधाकट असतानाच येऊन आपल्या शेवटच्या कपड्यांची मापं देऊन जात, वर भावावरून हुज्जतही घालत. पुढे नवरा लढाईत गेला, दुकान बंद पडलं आणि ग्वेइलान शहराबाहेरच्या फिल्म स्टुडिओत कपडेपटात लागली. तिथे राजेराण्यांचे झगे शिवायचे. ती म्हणायची, "काम तेच, फक्त इथली गिऱ्हाइकं कपडे उतरवून परत देतात."

एका साली जुन्या मिंग राजघराण्यातल्या एका सम्राटाचा चित्रपट निघाला. प्रामाणिक मंत्री राजाला चार खरे शब्द सुनावतो आणि राजा त्याला कैदेत टाकतो, एवढीच गोष्ट. राजाचं काम थान मोउशानकडे होतं. पडद्यावर कर्दनकाळ, घरी बायकोला टरकणारा माणूस. शूटिंग ऐन हिवाळ्यात, उघड्या चौकात. मिशीवर श्वास गोठायचा.

"मियाओताई, राजा कुडकुडला तर राज्य जाईल हो. थोडा कापूस घाला आत," थान म्हणाला.

तिने पिवळ्या रेशमाखाली दुहेरी कापूस भरला. झगा असा जड झाला, की थान एकदा सिंहासनावर बसला की त्याला उठवायला दोघं लागत. दिवे सांभाळणारा लुओ वरून ओरडायचा, "अरे, महाराजांना क्रेन लावा!" सगळे हसायचे. थानसुद्धा.

चित्रपट पुरा झाला, पण थिएटरात आला नाही. आधी म्हणाले, आवाजाचं काम राहिलंय. मग काहीच म्हणेनात. वसंतात एका दुपारी खाणावळीत कुणीतरी मोठ्याने पेपर वाचायला लागलं. जुने राजे आणि जुने मंत्री दाखवून आजच्या राज्याला टोमणे मारणारे लोक सिनेमात लपलेत, असं त्यात होतं. नाव कुणाचंच नव्हतं. थानच्या बाकावर आणखी तिघं जेवत होते. वाचन संपेपर्यंत एकेक करून तिघांनाही काहीतरी काम आठवलं. थान एकटाच ज्वारीची पेज ढवळत बसला.

मग भिंतींवर कागद चढू लागले. मोठ्या काळ्या अक्षरांत कुणाकुणाला क्रांतीचा शत्रू ठरवणारे, एकावर एक. एका सकाळी दिग्दर्शक कामावर आला नाही, आणि तो कुठे आहे हे कुणी विचारलं नाही. लुओच्या दंडावर अशा शत्रूंना हुडकणाऱ्यांची लाल पट्टी आली. आता तो थट्टा करत नव्हता. सगळ्यांशी अगदी हळू आवाजात बोलायचा, आणि त्याचीच जास्त भीती वाटायची.

ऑगस्टच्या उकाड्यात तो कपडेपटात आला.

"मियाओताई, सम्राटाचा झगा काढून ठेवा. उद्या महाराजांची मिरवणूक आहे. तुम्हीच चढवायचा. त्याचे बंद तुम्हालाच जमतात."

"या उन्हात? त्यात कापूस आहे, लुओभाऊ."

"म्हणूनच तर."

थान साठीला टेकलेला, छातीने अधू. तो झगा घालून शहरभर त्याची धिंड काढली तर तो परत येणार नाही, हे तिला कळत होतं. लुओलाही कळत होतं. तो गेल्यावर ग्वेइलान खिडकीला पाठ करून बसली आणि तिने अस्तर उसवलं. एकेक टाका तुटताना तिला वाटायचं, हा आवाज सबंध स्टुडिओला ऐकू जातोय. निघालेला कापूस तिने सैनिकांच्या गणवेशांच्या ढिगाखाली दडपला आणि शिवण होती तशी घातली.

दुसऱ्या दिवशी लाल पट्टीवाल्या दोघांनी थानला दंडाला धरून आणलं. अर्धं डोकं भादरलेलं, ओठ फुटलेला. ग्वेइलानने झगा उचलला. ओझं झेलायला त्याने खांदे ताठ केले, आणि ओझं आलंच नाही. क्षणभर त्याने तिच्याकडे बघितलं. मग हळूहळू त्याने खांदे खाली टाकले, पाठ वाकवली, गुडघे थरथरवले. बघणाऱ्याला वाटावं, झगा याला आत्ता जमिनीत गाडणार. बंद बांधताना ग्वेइलानने मान वर केली नाही.

मिरवणूक ऊन कलेपर्यंत चालली. थान पडला, उठवला गेला, पुन्हा पडला. पण जिवंत परत आला.

सकाळी लुओ दारात उभा.

"ताई, काल वाऱ्यावर झगा फडफडत होता. शूटिंगला नव्हता फडफडत."

"जुना झालाय. उंदीर लागलेत."

"उंदीर," लुओ म्हणाला. तो बराच वेळ टांगलेल्या कपड्यांकडे बघत राहिला. "उंदरांना वाट कुणीतरी करून देतं."

आणि गेला.

थोड्याच दिवसांत तिची बदली स्टुडिओच्या कोळशाच्या आवारात झाली. कारण कुणी सांगितलं नाही. फावडं मारणं तिला जड गेलं नाही, जड गेलं ते कुणी न्यायला येईल याची वाट बघणं. दारावर थाप पडली की हातातली वाटी खाली ठेवायची, कोट चढवायचा आणि मगच दार उघडायचं. बाहेर शेजारीण असायची. कधी कुणीच नसायचं.

थानला एका खेड्यात डुकरं राखायला पाठवलं. दुसऱ्या हिवाळ्यात छातीच्याच दुखण्याने तो गेला. त्यानंतर त्याची बायको रिकामं पोतं घेऊन आवारात आली.

"तुम्ही मियाओताई ना? हे सांगत होते, त्या दिवशी झगा हलका लागला."

ग्वेइलानने फावडं ढिगात रोवलं.

"मी विचारलं, कुणी केलं? तर म्हणाले, ‘माझे डोळे मिटलेले होते. पुन्हा विचारू नकोस. उद्या मला कुणी मारून विचारलं, तर ठाऊक नसलेलं बरं.’ पण झगा तुम्हीच चढवला होता, हे सगळ्यांनी पाहिलंय."

आवाराच्या फाटकात पहारेकरी सिगारेट ओढत उभा होता. थानच्या घरचा कोळशाचा शिधा केव्हाच बंद झालेला, हे त्याला पक्कं माहीत होतं. ग्वेइलानने पोत्याचं तोंड उघडलं, काठोकाठ भरलं, सुतळीने गाठ मारली आणि त्या बाईच्या पाठीवर चढवून दिलं. पहारेकरी बघत होता. ती त्याच्याकडे न बघता पुढचा ढीग ओढायला लागली.